घरची बैठक बंद ठेवावी, की पडद्यावर न्यावी?

माडीवरची | १४ जुलै २०२०

नमस्कार मंडळी. खूप दिवस वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

सांगलीत आमच्या घराच्या माडीवर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शास्त्रीय संगीताची बैठक होते. सासऱ्यांनी १९८७ साली सुरू केली. ते गेल्यावर आम्ही दोघं चालवतो. माडी म्हणजे एक लांबोडकी खोली. खाली सतरंज्या, भिंतीला तक्के, एका टोकाला वीतभर उंचीची चौकी. दाटीवाटीने सत्तर माणसं बसतात. माइक लावत नाही. गाणाऱ्याच्या आणि पहिल्या रांगेच्या मध्ये हातभर जागा असते, तीसुद्धा तंबोऱ्याच्या भोपळ्यासाठी सोडलेली.

इतक्या वर्षांत बैठक दोनदाच चुकली, दोन्ही वेळा कृष्णामाईमुळे: २००५ चा पूर आणि गेल्या ऑगस्टचा. गेल्या वर्षी तर आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि बैठकीच्या शनिवारी माडीवर शेजारची दोन कुटुंबं आणि त्यांची शेळी होती. सासरे गेले त्या महिन्यातलीसुद्धा बैठक झाली, कारण त्यांनीच तसं सांगून ठेवलं होतं.

यंदा १४ मार्चची बैठक ठरलेली. १३ तारखेला राज्यात साथरोग कायदा लागू झाला आणि त्या रात्री आम्ही गायिकेला फोन केला की येऊ नका. त्यांची बॅग भरून झाली होती. पंधरा दिवसांच्या आत इस्लामपुरातल्या एकाच कुटुंबातले इतके रुग्ण सापडले की सगळा जिल्हाच हादरला. तेव्हापासून चार बैठका गेल्या. माडीला कुलूप आहे. मी आठवड्यातून एकदा वर जाऊन तंबोऱ्यांवरची धूळ पुसून येते.

आता दोन प्रश्न. एक, बरेच जण म्हणतात झूमवर करा. करावं का? दोन, चाळीस सभासदांची वर्षाची वर्गणी एप्रिलआधीच जमा झालीय. ती परत करायची, की कलाकारांना ठरलेलं मानधन देऊन टाकायचं, गाणं झालेलं नसलं तरी? आमच्या दोघांत यावर एकमत होत नाहीये. अनुभव असेल तर सांगा.

पेठेतला | १४ जुलै २०२०

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. बैठक पडद्यावर नेऊ नका. बंद ठेवा.

तुमच्या माडीवर मी दोनदा आलोय, दुसऱ्या वेळी पहिल्या रांगेत बसलो होतो. गाणाऱ्या बाईंनी मारवा रागाचा रिषभ लावला आणि माझ्या शेजारचे आजोबा नुसते 'हं' म्हणाले. बाईंनी ते ऐकलं, त्यांच्याकडे बघितलं आणि तोच रिषभ परत, अजून खाली दाबून लावला. ते 'हं' झूमवर कुठून येणार? समोर कुणी नसताना गायचं म्हणजे रियाझ झाला. रियाझ त्यांनी त्यांच्या घरी करावा.

चार महिने नाही झालं तर काही बुडत नाही. २००९ मध्ये स्वाइन फ्लूमुळे सवाई गंधर्व महोत्सवसुद्धा पुढे ढकलला होता, जानेवारी २०१० मध्ये झाला. लोक थांबले, आणि नंतर तितक्याच संख्येने आले.

खिडकीपाशी | १४ जुलै २०२०

पेठेतला, तुम्ही जिना चढू शकता म्हणून असं लिहिता.

मी सांगलीतलाच. २०१४ पर्यंत या बैठकीला नियमाने जायचो. मग कमरेचं ऑपरेशन झालं आणि माडीच्या एकोणीस पायऱ्या माझ्यासाठी संपल्या. सहा वर्षं दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी मी माझ्या खिडकीशी बसतो. वारा त्या बाजूचा असेल तर तबला ऐकू येतो, गाणं नाही. ताईंनी कधीतरी फोन लावून चौकीजवळ ठेवला असता तरी मला चाललं असतं, पण मागायचा संकोच वाटला.

आता तुम्ही सगळे माझ्या जागेवर आलात. चार महिन्यांत किती कासावीस झालात बघा. ताई, झूमवर करा. कसंही करा.

माडीवरची | १४ जुलै २०२०

काका, मी तुम्हाला ओळखलं. सहा वर्षांत माझ्या हे डोक्यातही आलं नाही याचं फार वाईट वाटतंय. उद्या फोन करते.

एक_कान | १५ जुलै २०२०

खिडकीपाशी यांना +१. आणि मध्यंतरातल्या चहाचं काय करणार? तुमचा गवती चहा घातलेला चहा झूमवर येत नाही, हा माझा एकमेव आक्षेप. :)

ध्वनिलहरी | १५ जुलै २०२०

तांत्रिक बाजू लिहितो, कारण गेल्या तीन महिन्यांत आमच्या गुरूंच्या वर्गासाठी हेच करतोय.

१. झूममध्ये नेहमीच्या सेटिंगवर तंबोरा गायब होतो. ते मुळात बोलण्यासाठी बनवलेलं आहे. सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा एसी, असं समजून ते तो काढून टाकतं. तंबोरा त्याच्या दृष्टीने पंखाच. आमच्या पहिल्या वर्गात गुरुजी तंबोऱ्यावर गात होते आणि आम्हाला सा शिवाय कोरडं गाणं ऐकू येत होतं. सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करा, नॉइज सप्रेशन कमीत कमी ठेवा. फोनचा माइक वापरू नका, साधा यूएसबी माइक घ्या.

२. फुकटचं झूम ४० मिनिटांनी बंद पडतं. विलंबित ख्याल रंगात यायला लागतो आणि पडदा काळा. एक महिन्याचे पैसे भरा.

३. सगळ्यात महत्त्वाचं. गायक एका घरात आणि तबलजी दुसऱ्या घरात, हे होणार नाही. माडीवर तबला गवयापासून दीड मीटरवर. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे दीड मीटरला साडेचार मिलिसेकंद. नेटवर तोच आवाज जायला १५०-२०० मिलिसेकंद सहज लागतात, आणि तबल्याचा आवाज परत यायला तेवढेच. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. म्हणजे गायकाने सम (तालाची पहिली मात्रा) घेतली की त्याच्या कानात तबल्याची सम येईपर्यंत मात्रा उलटून गेलेली असते. गायक थांबतो, तबलजी थांबतो, दोघं एकमेकांसाठी थांबत थांबत लय मरते. यावर उपाय म्हणून जॅमुलससारखी सॉफ्टवेअर आहेत, पण त्यांनाही दोन्हीकडे तारेचं चांगलं नेट आणि जवळचा सर्व्हर लागतो.

पेठेतला | १५ जुलै २०२०

म्हणजे तंबोरा नाही, दाद नाही, तबला नाही. मग राहिलं काय?

ठेका | १५ जुलै २०२०

तबला मी वाजवतो, म्हणून लिहितो. व्यवसायच हा आहे. या बैठकीत मी अनेकदा साथ केलीय, त्यामुळे नाव सांगत नाही.

मार्च ते मे हा आमचा हंगाम. गुढीपाडवा, रामनवमी, लग्नाआधीच्या संगीतरजनी, भजनी मंडळांचे सप्ताह, शाळांच्या सुट्टीतली शिबिरं. यंदा सगळं शून्य. मोठ्या गायकांच्या मागे विद्यार्थी असतात, थोडी तरी शिल्लक असते. साथीदाराचं तसं नाही. साथीदाराला कुणी तिकीट काढून ऐकायला येत नाही, त्यामुळे त्याचं ऑनलाइनही काही होत नाही. माझ्याकडे पाच मुलं शिकतात, त्यातली तीन नेटच्या त्रासाने सुटली. एका पेटीवाल्या मित्राने भाजीचा गाडा लावलाय. त्यात लाज काही नाही, पण रोज पहाटे चारला मंडईत जाणाऱ्या माणसाचा हात पेटीवर कधी फिरायचा?

ताईंचा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. मात्र एक विनंती. मदत म्हणून पैसे देऊ नका. मे महिन्यात एका संस्थेने धान्याची पाकिटं वाटली आणि घेतानाचे आमचे फोटो काढले. मी घेतलं, घरात गरज होती. पण त्या रात्री मी तबल्याला हात लावला नाही.

माडीवरची | १५ जुलै २०२०

दादा, वाचून गप्प बसले होते. नाव सांगितलं नसलंत तरी हात ओळखीचा आहे.

नाडी | १६ जुलै २०२०

मी डॉक्टर आहे, मिरजेत. प्रत्यक्ष बैठकीबद्दल सांगतो, कारण 'वीस जणांत करू, अंतर ठेवून करू' असं कुणीतरी सुचवणारच.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट व्हॅली नावाच्या भागात हौशी गायकांचं एक वृंदगान मंडळ आहे. १० मार्चला त्यांची तालीम झाली, ६१ माणसं, अडीच तास. एकाला सर्दीसारखं काहीतरी होत होतं. पुढे त्यातल्या ३३ जणांची लागण तपासणीत सिद्ध झाली, आणखी २० जणांना तीच लक्षणं आली, दोघे दगावले. गाताना फुप्फुसातली हवा जोराने बाहेर पडते, तिच्यासोबत अतिशय बारीक थेंब येतात आणि बंद खोलीत ते हवेत तरंगत राहतात. तुमच्या माडीला खिडक्या किती? पावसाळ्यात त्या लावलेल्या असतात. श्रोत्यांचं सरासरी वय किती? मला वाटतं पासष्टच्या पुढे. तेव्हा आत्ता नाही. पाऊस गेल्यावर, रुग्ण कमी झाल्यावर, उघड्यावर, मोजक्या माणसांत विचार करता येईल.

उघड्यावर गाणं आपल्याकडे नवीन नाही. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, तेव्हापासून मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला कलाकार हजेरी लावतात, ती चिंचेच्या झाडाखाली.

हडसनकाठ | १६ जुलै २०२०

न्यू जर्सीहून. झूमवर केलंत तर आम्ही सात-आठ जण नक्की येऊ, वर्गणीही देऊ. तुमची संध्याकाळी सहाची बैठक म्हणजे आमची सकाळी साडेआठची. यमन ऐकत कांदेपोहे खाऊ.

पेठेतला | १६ जुलै २०२०

सकाळी साडेआठला यमन, संध्याकाळचा राग! हाच तो प्रश्न. रागाला वेळ आहे की नाही?

हडसनकाठ | १६ जुलै २०२०

आहे ना. पण उलटं बघा. नाट्यगृहात कार्यक्रम संध्याकाळीच होतात, त्यामुळे तोडी, ललत, भटियार हे सकाळचे राग समोर बसून ऐकायचा योग वर्षातून एकदा, दिवाळी पहाटेला. झूमवर कुणाला रिक्षा पकडायची नाही. तुम्ही रविवारी पहाटे सहाला बैठक ठेवलीत तर तिथे लोक अंथरुणातून उठून ललत ऐकतील. आमची तेव्हा शनिवारची रात्र असेल, आम्ही सोसू.

पेठेतला | १६ जुलै २०२०

हे मात्र पटलं. पहाटेचा ललत असेल तर मीही येईन.

बर्लिनहून | १७ जुलै २०२०

इथेही हीच अवस्था आहे. आमच्या वस्तीत एका जुन्या चर्चमध्ये चेंबर म्युझिकची मालिका चालते. खोलीत मावेल एवढं संगीत, चार वादक, समोर शंभरेक माणसं, बरीचशी ओळखीची. यंदा बेटहोफेनच्या जन्माला २५० वर्षं होतात म्हणून त्याच्या चौकडींचं (चार वादकांसाठीच्या रचनांचं) वर्ष आखलं होतं, मार्चमध्ये सगळं बंद झालं.

१ मे रोजी बर्लिन फिलहार्मोनिकने रिकाम्या सभागृहात कार्यक्रम केला. एरवी शंभर माणसांचा वाद्यवृंद, तिथे मूठभर वादक दूरदूर बसलेले. त्यांनी मालरची चौथी सिंफनी वाजवली, ती एर्विन श्टाइनने छोट्या संचासाठी करून ठेवलेल्या रूपात. हे रूप झालं कसं ते मी नंतर वाचलं. १९१८ च्या नोव्हेंबरात, म्हणजे महायुद्ध नुकतंच संपलेलं आणि इन्फ्लुएंझा चालू असताना, शोनबर्ग या संगीतकाराने व्हिएन्नात एक खासगी मंडळ काढलं. फक्त सभासदांना प्रवेश, समीक्षकांना बंदी. मोठा वाद्यवृंद परवडत नव्हता म्हणून मोठ्या रचना सात-आठ-दहा वाद्यांत बसवायच्या. तीन वर्षांत मंडळ बंद पडलं. पण अडचणीच्या काळात केलेली ती जुळवाजुळव शंभर वर्षांनी दुसऱ्या साथीत उपयोगी आली. त्या मंडळात टाळ्यांनाही बंदी होती, हे वाचून मला तुमच्या माडीवरचं 'हं' आठवलं.

ताई, सांगायचं एवढंच की छोटा संच शोधा. एकाच घरात राहणारे कलाकार असतील ना? नवरा-बायको, बापलेक, भावंडं. त्यांच्यात अंतर ठेवायचा प्रश्न नाही आणि नेटच्या विलंबाचाही नाही.

ध्वनिलहरी | १७ जुलै २०२०

अरे वा! हा सरळ उपाय मला सुचला नव्हता.

भोपळा | १७ जुलै २०२०

मिरजेत सतारमेकर गल्लीच्या शेजारी राहतो, कारागिरांच्या घरी माझं येणंजाणं आहे. सध्या तयार तंबोरे भिंतीला टांगून आहेत, नेणारं कुणी नाही. परदेशच्या ऑर्डरी विमानं बंद म्हणून अडकल्या. मुलं ऑनलाइन शिकतात ती मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप लावून, त्यामुळे जवारी करायलाही (तारा टेकतात ती घोडी घासून आवाजाचा गुंजार परत आणायला) कुणी वाद्य आणत नाही. आणि भोपळ्याचं गणित वेगळं असतं. भोपळा शेतातून आणून वाळवून ठेवायचा, तो कामाला यायला वेळ लागतो. या हंगामात पैसे नाहीत म्हणून भोपळे घेतले नाहीत तर त्याची उणीव पुढच्या वर्षी दिसेल.

माडीवरची ताई, धूळ पुसताय ते चांगलंच. पण पावसात तारा ताणलेल्या ठेवू नका, थोड्या उतरवून ठेवा. आणि महिन्यातून एकदा तरी लावून वाजवा.

माडीवरची | २० जुलै २०२०

सगळ्यांचे प्रतिसाद ह्यांना वाचून दाखवले. आमचं ठरलं ते असं.

वर्गणी परत करायची नाही. सभासदांना विचारलं, चाळीसपैकी अडतीस जणांनी लगेच होकार दिला. मात्र पैसे मदत म्हणून द्यायचे नाहीत. आपल्याकडे घर किंवा बैल घेताना विसार देतात, तसा वर्षाच्या सगळ्या ठरलेल्या कलाकारांना आणि साथीदारांना पुढच्या बैठकीचा विसार द्यायचा. साथीदारांना ठरलेली पूर्ण रक्कम, कारण त्यांची निकड जास्त. विसार घेतला म्हणजे ते आमच्या माडीला बांधील आणि आम्ही त्यांना. बैठक कधी होईल ते होईल.

ठेका दादा, हे चालेल का?

ठेका | २० जुलै २०२०

विसार चालेल. तारीख पडली की दुसरी कुठली सुपारी घेणार नाही.

माडीवरची | ९ ऑगस्ट २०२०

काल पहिली ऑनलाइन बैठक झाली. बर्लिनहून यांनी सांगितल्याप्रमाणे एका घरातले कलाकार शोधले. बाई गातात, यजमान तबला वाजवतात, मुलीने तंबोरा धरला. ध्वनिलहरी यांनी आदल्या दिवशी फोनवर दोन तास बसून सगळी सेटिंग करून दिली.

एकशे बारा माणसं होती. माडीवर कधी इतकी मावलीच नसती.

अडचण आली ती दादेची. आम्ही सगळ्यांना बोलायची मोकळीक ठेवली होती, कारण पेठेतला यांचं 'हं' माझ्या डोक्यात होतं. पूरिया धनाश्रीत बाईंनी पंचमावरून एक सुंदर जागा घेतली आणि तीन-चार जण एकदम 'वा' म्हणाले. तेवढ्या क्षणी बाईंचा सूर दबला, जणू कुणी तोंडावर हात ठेवला. झूम एका वेळी एकालाच पुढे आणतं, हे तेव्हा कळलं. मग सगळ्यांना म्यूट केलं आणि पुढचा पाऊण तास बाई अगदी शांततेत गायल्या. संपल्यावर त्या म्हणाल्या, विहिरीत गायल्यासारखं वाटलं.

खिडकीपाशी | ९ ऑगस्ट २०२०

माझ्यासाठी मात्र सहा वर्षांनी माडी उघडली. भैरवी संपल्यावर बराच वेळ फोन हातात धरून बसलो होतो.

एक सुचवतो. ज्या घरात गाणं असेल तिथेच दोन-तीन घरची माणसं समोर बसवा. त्यांची दाद त्याच माइकमधून येईल, सूर दबणार नाही.

ध्वनिलहरी | ९ ऑगस्ट २०२०

काकांचं बरोबर आहे. पुढच्या वेळी तसंच करू.

हडसनकाठ | १८ ऑगस्ट २०२०

काल इथे न्यू जर्सीत पंडित जसराज गेले. साथ सुरू झाली तेव्हा ते अमेरिकेत होते आणि इथूनच शिष्यांना ऑनलाइन शिकवत राहिले. नव्वदाव्या वर्षी. पडद्यावरच्या गाण्याबद्दल इथे वाद चाललाय म्हणून नोंदवलं.

एक_कान | ११ ऑक्टोबर २०२०

आज पहाटे सहाचा ललत ऐकला. बाहेर अंधार, घरात सगळे झोपलेले, कानात फक्त दोन मध्यम. मग हळूहळू खिडकी उजळली. असा ललत मी आजवर ऐकला नव्हता. चहा स्वतः केला, गवती चहा घालून.

पेठेतला | ११ ऑक्टोबर २०२०

होतो. ऐकला. जुलैमध्ये 'मग राहिलं काय' असं विचारलं होतं, तो प्रश्न मागे घेतो. समोरासमोरची बैठक वेगळी, ही वेगळी, आणि हिलाही जागा आहे.

माडीवरची | १५ फेब्रुवारी २०२१

राज्यात नाट्यगृहं नोव्हेंबरमध्ये निम्म्या आसनांवर उघडली, तरी आम्ही थांबलो होतो. शनिवारी मागच्या परसात आंब्याखाली बैठक झाली. नाडी डॉक्टर स्वतः येऊन जागा आखून गेले. अठरा श्रोते, सगळ्यांना मास्क, सतरंजीऐवजी खुर्च्या. ठेका दादा तबल्यावर, विसारातली पहिली बैठक. आंब्याला मोहोर होता, दादांच्या डग्ग्यावर सारखा गळत होता आणि ते दर आवर्तनाला फुंकर घालत होते. खिडकीपाशी काका प्रत्यक्ष आले! परसाला जिना नाही.

नाडी | २६ एप्रिल २०२१

काल दिल्लीत पंडित राजन मिश्र गेले. कोविड. साजन मिश्रांसोबतचं त्यांचं गाणं इथल्या अनेकांनी ऐकलं असेल. दवाखान्यातून लिहितोय. आत्ता कुणीही, कुठेही, उघड्यावरसुद्धा बैठक करू नका.

माडीवरची | १६ ऑगस्ट २०२१

बरेच दिवस इकडे आले नाही. जुलैच्या शेवटी पुन्हा पूर आला, खालचं घर पाण्यात होतं. तंबोरे माडीवर, सुखरूप.

लिहायचं वेगळंच आहे. आमचे पेटीवाले काका मे महिन्यात गेले. वीस-बावीस वर्षं या माडीवर साथ केली त्यांनी. चिखल काढत होतो तेव्हा त्यांचा मुलगा आला, हातात पाकीट. तेच पाकीट, गेल्या वर्षी आम्ही दिलेलं, वर ह्यांच्या अक्षरात 'विसार' लिहिलेलं. फोडलेलंसुद्धा नव्हतं. म्हणाला, बाबांनी सांगितलं होतं, बैठक होईपर्यंत हे आपले पैसे नव्हेत.

हे म्हणाले, देणाऱ्याकडून व्यवहार राहिला तर विसार देणाऱ्याचा बुडतो, रीतच आहे ती. आम्ही बैठक देऊ शकलो नाही. तो ऐकेना. शेवटी कळलं की त्यांची नात पेटी शिकते, अकरावीत आहे. पाकीट तिच्या नावाने त्यांच्याच घरी ठेवलं आणि बैठकीचा शब्द घेतला.

ठेका | १६ ऑगस्ट २०२१

काकांच्या शेजारी बसून मी साथ करायला शिकलो. समेच्या आधी ते पेटी किंचित मागे घ्यायचे, म्हणजे तबल्याला जागा मिळायची. असं कुणी शिकवत नाही. पोरीला घेऊन बसेन मी, दर रविवारी.

माडीवरची | ३ एप्रिल २०२२

धागा वर काढतेय. सगळे निर्बंध १ तारखेपासून उठले आणि काल, गुढीपाडव्याला, माडीचं कुलूप काढलं. सकाळी आठला. ऑनलाइन बैठकांनी सकाळच्या रागांची सवय लावली होती, म्हणून मुद्दाम सकाळ ठरवली. पन्नासेक माणसं आली. काही जण आता नाहीत. त्यांच्या नेहमीच्या जागांवर सुरुवातीला कुणी बसेना, मग हेच म्हणाले, सरका पुढे.

मार्च २०२० ला बॅग भरून थांबलेल्या गायिकाच गायल्या. तोडी, मग देसी. ठेका दादा तबल्यावर, पेटीवर काकांची नात. पहिली दहा मिनिटं पोरीचे हात थरथरत होते. विलंबित संपता संपता तिने समेच्या आधी पेटी मागे घेतली, आणि दादांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं.

चौकीच्या डाव्या बाजूला स्टँडवर फोन होता. माइकही. खिडकीपाशी काका, न्यू जर्सी, बर्लिन, सगळे त्यात होते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच निघालं, दोन्ही चालू ठेवणार.

विसारातल्या दोन बैठका अजून बाकी आहेत, मे आणि जून.

खिडकीपाशी | ३ एप्रिल २०२२

आवाज उत्तम आला. तंबोरा डाव्या कानात जास्त होता, फोन हातभर उजवीकडे घेतलात तर बरं. आणि मी जिन्याचं विचारतोय सुताराला, खुर्चीवर बसवून चौघांनी उचलून नेण्यासारखं काही होतंय का बघू.

पेठेतला | ३ एप्रिल २०२२

काका, चौघांत मी एक. पुण्याहून येतो.

भोपळा | ३ एप्रिल २०२२

ऑनलाइन ऐकलं. मोठ्या तंबोऱ्याचा पंचम पाऊण तासाने उतरत होता आणि जवारीही बसलीय. मेच्या बैठकीआधी घेऊन येतो कारागिराला, त्याला काम हवंच आहे. तोवर तारा उतरवून ठेवा.